सायमनकाकांचा कान

सायमन मच्याडो या माणसाला डोळे, नाक, तोंड वगैरे बाकीचे अवयवही आहेत, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आधी दिसला तो उजवा कान आणि त्या कानाला टेकवलेला हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. लाकडी मूठ कानाला, टोक पंपाच्या अंगाला, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. बहारीनमधल्या सित्राच्या आमच्या कारखान्यातला तो माझा पहिला दिवस होता. यंत्रांची थरथर मोजून त्यांची तब्येत सांगायची, या कामासाठी कंपनीनं मला सांगलीहून आणलं होतं आणि मी नवा कोरा मीटर गळ्यात अडकवून मोठ्या ऐटीत पंपहाऊसमध्ये शिरलो होतो.

माझ्या मीटरनं तो पंप ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. तेवढ्यात काकांनी डोळे उघडले, माझ्या छातीवरच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "आपला माणूस आहेस म्हणून सांगतो. याचं बेअरिंग गुरुवारी जाणार."

बेअरिंग बुधवारी गेलं. गुरुवारी सकाळी काका माझ्या टेबलापाशी आले आणि अंदाज एका दिवसानं चुकल्याबद्दल त्यांनी माझी रीतसर माफी मागितली. गेल्या आठवड्यातली उष्णता हिशेबात धरायची राहिली, म्हणाले. त्या दिवसापासून मी माझा मीटर जरा खालच्या आवाजात वापरायला लागलो.

सायमनकाका वसईजवळच्या गिरीजचे. गोल चेहरा, बुटकी मूर्ती, इस्त्रीचा शर्ट, खिशात जपमाळ आणि ग्रीसचा डाग पडलेला रुमाल. पंप, मोटारी, कॉम्प्रेसर असं जे काही गरगर फिरतं त्या सगळ्याचे ते फोरमन. बहारीनी ऑपरेटर त्यांना 'उस्ताद' म्हणत, केरळी मंडळी 'सायमन चेट्टा' म्हणत आणि आम्ही चार-दोन मराठी माणसं काका. मला ते कधीही नावानं हाक मारत नसत. मी 'इंजिनियर' होतो आणि त्या शब्दात आदर किती आणि कीव किती हे त्या दिवशीच्या हवामानावर असे.

योगायोगानं बुसैतीनला आम्ही एकाच इमारतीत राहायला होतो, ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. राहायला गेलो त्या संध्याकाळी ते फ्लोरीकाकूंनी केलेला केक घेऊन आले आणि केक टेबलावर ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेले. फ्रिजला स्क्रूड्रायव्हर लावला. अजून दोन महिने, म्हणाले. मग भिंतीला लावला. वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनमध्ये नाणं अडकलंय, म्हणाले. माझी बायको नीलिमा केक कापायची थांबली. काका तसेच वर गेले, अनोळखी इजिप्शियन कुटुंबाच्या दारावरची बेल वाजवली आणि अर्ध्या तासानं हातात एक नाणं घेऊन परत आले. ते कुटुंब त्यानंतर दर नाताळला त्यांच्याकडे बकलाव्याचा डबा पाठवत असे. आमचा फ्रिज दोन महिने आणि चार दिवस चालला.

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. "आधी ऐकावं, मग पाना उचलावा," हे सगळ्यांसाठी. "आवाज करतंय तोवर काळजी नाही, गप्प झालं की धाव," हे यंत्रांसाठी आणि, खाजगीत, मॅनेजरसाहेबांसाठी. सेफ्टी विभागाशी त्यांचं तेवढं कधी जमलं नाही. पंपहाऊसमध्ये कानांवर ते मोठे मफ चढवायचे असा नियम आहे. काका ते गळ्यात अडकवत. सेफ्टीवाला दिसला की कानावर, तो वळला की परत गळ्यात. कान झाकून मी पंपांचे फक्त चेहरे बघू काय, असा त्यांचा सवाल असे.

एका गणपतीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या मंडळाच्या उत्सवाला काका नेमानं येत, पांढराशुभ्र शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसत आणि मोदक मात्र पहिल्या पंक्तीत खात. त्या वर्षी सजावटवाल्या पोरांनी मूर्तीमागे फिरणारं चक्र बसवलं होतं. अथर्वशीर्षाची आवर्तनं चालू होती, चाळीस माणसं डोळे मिटून म्हणत होती आणि शेवटच्या रांगेत काकांची चुळबुळ चालू होती. पाचव्या आवर्तनाला त्यांना राहवेना. ते उठले, माणसांच्या मधून वाट काढत मूर्तीमागे गेले आणि पुन्हा दिसले तेव्हा त्यांनी गुरुजींपुढे हात जोडले होते. चक्राच्या मोटारीला तेल हवं होतं आणि जवळपास तेल फक्त समईत होतं. गुरुजींनी समईकडे बघितलं. मग म्हणाले, "देवाचंच तेल, देवाच्याच चाकाला. घ्या." काकांनी करंगळीनं दोन थेंब घेतले. सहावं आवर्तन, खरं सांगतो, जास्त लयीत झालं.

फ्लोरीकाकू सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. त्या नेहमी म्हणायच्या, या माणसाला दुनियेतल्या मोटारींचं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही. यावर आम्ही सगळे हसत असू, कारण असं कुठली बायको म्हणत नाही? नीलिमानं तर तिथल्या तिथे अनुमोदन दिलं होतं.

गेल्या वर्षी काका साठीचे झाले. आमच्याकडे साठीला व्हिसा पुढे वाढवायचा की माणसाला घरी पाठवायचं, हे मॅनेजर ठरवतात. आमचे मॅनेजर जासिम यांना काका हवे होते, पण वरच्या साहेबांना कारण द्यावं लागणार होतं. काकांना तर जायचंच नव्हतं. मी एकदा म्हटलं, काका, गिरीजला बाग आहे, घर आहे, निवांत राहा की. तर म्हणाले, "तिथं ऐकू काय? पूर्वी विहिरीवर पंप तरी होता. आता सबमर्सिबल टाकलाय. तो पाण्यात बुडालेला. त्याचं कोण काय ऐकणार?"

अशात स्पेनचं काम निघालं. आम्ही एक मोठा पंप मागवला होता तो उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओ शहराजवळच्या कारखान्यात तयार झाला होता. असा पंप जहाजावर चढण्याआधी आपल्या माणसांनी तिथं जाऊन, तो समोर चालवून बघून, सही करायची असते. जासिमनी कागदपत्रांसाठी माझं नाव घातलं आणि खात्रीसाठी काकांचं. निघताना त्यांनी काकांना सांगितलं की पंप वेळेवर आणि धड आला, तर व्हिसा वाढवायला त्याहून मोठं कारण लागणार नाही. इंशाल्ला, उस्ताद. म्हणजे आता त्या पंपावर काकांची पुढची दोन वर्षं टांगलेली होती आणि हे त्यांना, मला आणि कंपनीच्या बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

मार्चचा पहिला आठवडा. बहारीनमध्ये एसी सुरू झाले होते आणि तिकडे थंडी, पाऊस. आमच्या मंडळात एक जाड निळं जाकीट आहे. ते नक्की कुणाचं हे आता कुणालाच आठवत नाही. जो युरोपला जातो तो ते घेऊन जातो आणि आल्यावर धुऊन पुढच्याला देतो. ते जाकीट काकांच्या वाट्याला आलं. बाह्या चार बोटं लांब होत्या आणि खिशात कुणाचा तरी व्हिएन्नाच्या ट्रामचा पास निघाला.

विमानतळावर पहिला घोटाळा झाला. काकांनी सगळं सामान बॅगेत देऊन टाकलं होतं, फक्त स्क्रूड्रायव्हर हातातल्या पिशवीत ठेवला होता, कारण इतकी मौल्यवान वस्तू बॅगेत कोण टाकतं? तपासणीच्या यंत्रानं तो पकडला. अधिकारी तरुण होता. त्यानं विचारलं, हे काय आहे? काकांनी अत्यंत खरं उत्तर दिलं. म्हणाले, "हा माझा कान आहे."

पुढची दहा मिनिटं मी अरबी, हिंदी आणि इंग्रजीत तो कान कसा आहे ते समजावत होतो. शेवटी त्या अधिकाऱ्याचे मामा सित्रालाच काम करतात आणि उस्तादांना ओळखतात असं निघालं. त्यानं उठून काकांशी हात मिळवला, मामांची खुशाली सांगितली, चहा विचारला आणि स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. नियम म्हणजे नियम, मफी मुश्किल, काळजी नको, परत आलात की घेऊन जा. विमानात काका दोन तास खिडकीला कान टेकवून बसले. नंतर इंजिनचा आवाज चांगला आहे एवढंच म्हणाले.

बिल्बाओला उतरलो तेव्हा पाऊस होता आणि आम्ही होतो ते चारही दिवस तो होताच. जोराचा नाही, आपला बारीक, चिवट, न कंटाळणारा. बहारीनच्या माणसाच्या घरात छत्री नसते. आम्ही पहिल्या तासाभरात दोन विकत घेतल्या आणि दुसऱ्या तासाला काकांची एक ट्राममध्ये राहिली. चहूबाजूंना हिरवेगार डोंगर, मधून नदी, नदीवर पूल, रस्त्याच्या कडेच्या झाडांना अजून पानं नव्हती, नुसत्या गाठी. मधेच एखादं झाड मात्र पानांची वाट न बघता गुलाबी फुलांनी भरलेलं. मी फोटो काढत होतो. काका पुलावर थांबून खाली वाकून नदी ऐकत होते. शेवटी समजूतदारपणे म्हणाले की हे गाव कामाचं आहे, इथं पूर्वी जहाजं बांधत असणार, लोक मोठ्यानं बोलतात बघ.

नदीकाठी एक जगप्रसिद्ध संग्रहालय आहे, बाहेरून सगळं चकचकीत पत्र्याचं आणि वेडंवाकडं. ते बघायला लोक कुठून कुठून येतात. काकांनी माझ्या छत्रीखालून ते पूर्ण फिरून बघितलं, एका कोपऱ्यात पत्र्यावर बोटानं टिचकी मारली आणि जोडकाम फार सुबक असल्याचं सांगितलं. पण हे डक्टिंग करणाऱ्याला सरळ जागा मिळालेली दिसत नाही, असंही म्हणाले. आत आलेच नाहीत. डोंगरावर चढणारी एक दोरीची गाडी आहे, तिच्यात मात्र आम्ही तीनदा बसलो. वरून शहर दिसतं म्हणून बाकीचे खिडकीशी गर्दी करत होते. काका मागच्या बाजूला, फरशीला तळवा टेकून. गाडी ओढणाऱ्या माणसाला भेटायची त्यांची इच्छा होती, पण ते कुणाला समजावता आलं नाही.

स्क्रूड्रायव्हरशिवाय पंप ऐकायचा कसा हा प्रश्न होताच. जुन्या गावातल्या गल्लीत आम्हाला हार्डवेअरचं एक दुकान सापडलं. दुकानात एक आजीबाई, कापलेले पांढरे केस, गळ्यात चष्मा. आजीबाईंनी समोर बारा स्क्रूड्रायव्हर मांडले. काकांनी एकेक उचलला आणि दुकानाच्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला टोक लावून ऐकायला सुरुवात केली. हा बहिरा. हा बोबडा. हा बरा, पण मूठ प्लॅस्टिकची. आजीबाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग चष्मा लावून काकांकडे बघत राहिल्या. आठव्याला त्या काउंटरच्या बाहेर आल्या, काकांच्या हातातून तो घेतला, स्वतःच्या कानाला लावला आणि घड्याळाजवळ उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उजळला. मग त्या आत गेल्या आणि कुठल्याशा खणातून एक जुना, लाकडी मुठीचा, वापरून गुळगुळीत झालेला स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या. तो विकायचा नव्हता. नवऱ्याचा असावा, कारण त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. काकांनी तो घड्याळाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि मान डोलावली. कामापुरता न्या, मग आणून द्या, असा खुणांचा करार झाला.

हॉटेलात मात्र काकांना चैन नव्हतं. पहिल्याच सकाळी नाश्त्याला म्हणाले की खोलीतला पाइप शिट्टी मारतो. मी काउंटरवर सांगितलं. त्यांनी खोली बदलून दिली. दुसऱ्या सकाळी नव्या खोलीतही शिट्टी. हॉटेलवाल्यांनी प्लंबर आणला, त्यानं भिंतीवर टकटक केली आणि खांदे उडवले. संध्याकाळी जुन्या गावातल्या चर्चमध्ये काका मिस्साला गेले, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. मीही मागे बसलो. प्रार्थनेनंतर सगळे शांत बसले असताना काका मान वर करून रंगीत काचांकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, वरच्या काचेत कुठंतरी फट आहे, वारा वाजतोय. इतकं सुंदर चर्च, पण देखभाल नाही.

कारखाना गावाबाहेर, दोन डोंगरांच्या बेचक्यात. आमची गाठ इकेर नावाच्या तरुण इंजिनियरशी पडली. इंग्रजी स्वच्छ, बूट स्वच्छ, प्रत्येक वाक्याला स्मितहास्य. आणि पाची नावाचा त्यांचा म्हातारा फोरमन, उंच, वाकलेला, निळा डगला घातलेला. पाचीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यानं काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर बघितला, आपल्या डगल्याच्या खिशातून स्वतःचा काढून दाखवला आणि दोघांनी दोन राजदूतांसारखे एकमेकांचे स्क्रूड्रायव्हर तपासून परत केले. तिथून पुढे इकेर आणि मी त्या दोघांच्या मागून चालत होतो.

पंप चालू झाला. माझा मीटर म्हणाला उत्तम. इकेरचे संगणक म्हणाले उत्तम. पाचीनं ऐकलं आणि अंगठा वर केला. काकांनी ऐकलं. परत ऐकलं. जागा बदलून ऐकलं. मग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे आले.

"शिट्टी आहे," म्हणाले. "बारीक. एका सुरात. बेअरिंगमधनं येतीय."

मी त्यांना सगळे आकडे दाखवले. आकडे छान आहेत, म्हणाले, पण शिट्टी आहे. आता या माणसाच्या कानापुढे मी सात वर्षं हरत आलो होतो. मी इकेरला सांगितलं की पंप उघडावा लागेल. इकेरचं स्मित पहिल्यांदाच आखडलं. उघडायचा म्हणजे एक दिवस, परत जोडायचा म्हणजे आणखी एक. जहाज चुकण्याची शक्यता. मी जासिमना फोन केला. ते म्हणाले, उस्ताद म्हणतात ना, मग यल्ला, उघडा.

पंप पाचीनं स्वतः उघडला. बेअरिंग काढलं, धुतलं आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवून काकांपुढे धरलं. काकांनी ते भिंगातून बघितलं, बोटांत फिरवलं, नखानं चाचपलं. बेअरिंग आरशासारखं होतं. कुठं ओरखडा नाही, डाग नाही. काकांनी ते फडक्यावर परत ठेवलं. जोडा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप पुन्हा चालू झाला. काकांनी मूठ कानाला लावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि देवाला विनवत होतो की ती शिट्टी गेलेली असू दे. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. आहे. अजून आहे.

इकेरनं हातातली वही मिटली. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. तिथं दोन वाजता सगळा कारखाना एकदम बंद होतो. एकेक यंत्र थांबत गेलं, वरची क्रेन थांबली, हवेचा कॉम्प्रेसर थांबला. शेवटी पाचीनं पुढे होऊन आमचा पंपही बंद केला. पंखे थांबले. इतक्या मोठ्या शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बहारीनमध्ये अशी शांतता मिळतच नाही, घरात एसी, बाहेर एसी, बसमध्ये एसी.

काका अजून तसेच उभे होते, मान एका बाजूला कललेली.

पाची त्यांच्याकडे बघत होता. तो हळूहळू त्यांच्यासमोर आला आणि इकेरला त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. इकेरनं ते मला इंग्रजीत सांगायला अंमळ वेळ घेतला. मी काकांना मराठीत सांगितलं.

"काका, तो विचारतोय, आत्ता येतेय का शिट्टी?"

पंप बंद होता. सगळंच बंद होतं. काका माझ्याकडे बघत राहिले. नाही म्हणायला काय लागत होतं? नाही म्हटलं असतं, पंपाचं काहीतरी बसलं असेल, आता ठीक आहे म्हटलं असतं, तर आम्ही सगळ्यांनी आनंदानं मान डोलावली असती. सही झाली असती, पंप गेला असता, व्हिसा वाढला असता आणि कुणालाही काही कळलं नसतं.

"येतेय," काका म्हणाले.

पाचीनं डोक्यावरची टोपी काढली, पांढरे केस मागे सारले आणि डाव्या कानातून एक इवलंसं यंत्र काढून तळहातावर ठेवलं. काकांना दाखवलं. मग दुसऱ्या कानातलं काढलं. दोन्ही काकांपुढे धरून तो खांदे उडवून हसला. काकांनी त्यातलं एक उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि पूर्ण गांभीर्यानं विचारलं, याला बॅटरी कुठली लागते? मला हसू आलं. हे मी लपवायचा प्रयत्न केला नाही, कारण इकेरचंही तेच झालं होतं.

काकांनी सही केली. मग पाची आम्हाला जेवायला घेऊन गेला. शुक्रवार होता, उपवासकाळातला. काका मांस खात नव्हते आणि तिथं छताला डुकराचे पाय टांगलेले. पण त्यांच्याकडेही शुक्रवार पाळतात. खारवलेल्या माशाचं एक कालवण आलं. काकांनी घास घेतला आणि हा तर आपला सुका मासा, आमच्या आवयनं याहून चांगला केला असता, असं पाचीला मराठीत सांगितलं. पाचीनं त्याच्या भाषेत उत्तर दिलं. दोघांनाही एकमेकांचं समजत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, त्यामुळे दोघंही मोठ्यानं बोलत होते. दोन तास बोलले. आसपासच्या चार टेबलांना मात्र सगळं ऐकू गेलं. निघताना काकांनी आजीबाईंच्या दुकानात जाऊन स्क्रूड्रायव्हर परत केला आणि घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतंय हे बोटांनी सांगून आले.

विमानात मी अहवाल लिहायला घेतला. खबरदारी म्हणून पंप उघडून तपासला, दोष आढळला नाही, असं गुळगुळीत वाक्य लिहिलं. काकांनी ते वाचलं, माझं पेन मागून घेतलं आणि ते वाक्य खोडून त्यावर इंग्रजीत लिहिलं की सायमन मच्याडो यांना नसलेला आवाज ऐकू आला म्हणून पंप उघडला, पंपात आणि कारखान्याच्या कामात काहीही दोष नव्हता. खाली सही केली. मी म्हटलं, काका, हे जासिमनी वाचलं तर. ते म्हणाले, त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिलंय.

फ्लोरीकाकूंनी त्यांना तपासायला नेलं. इतकी वर्षं पंपांजवळ उघड्या कानांनी काढल्यावर हे व्हायचंच, शिट्टी आता जाणार नाही आणि बारीक आवाज तिच्याखाली दबत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्याकडे जिन्यात उभं राहून काकू नीलिमाला म्हणाल्या की मला पाच वर्षांपासून माहीत आहे, टीव्हीचा आवाज रोज कोण वाढवतं? मग त्यांनी पदरासारखा दुपट्टा डोळ्यांना लावला. या माणसाला मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, असं विचारून त्या रडता रडता हसल्या.

जासिमनी अहवाल वाचून खणात टाकला आणि व्हिसा वाढवायची तयारी दाखवली. उस्ताद, नुसते ऑफिसात बसा. काकांनी नाही म्हटलं. मी तिथंच होतो. मी इथं नुसता बसलो तरी लोक येऊन विचारणार, म्हणाले, आणि मी सवयीनं उत्तर देणार, आणि लोक ते खरं धरणार. एक दिवस त्यात कुणाचा तरी हात जाईल. तो नवा पंप येऊ द्या, बसवून देतो, मग खलास. जासिमनी पुष्कळ आग्रह केला. शेवटी उठून त्यांना मिठी मारली.

पंप मे महिन्यात आला. बसवायचं सगळं काम काकांनी उभं राहून करून घेतलं. चालू करायच्या दिवशी पंपहाऊसमध्ये जासिम, ऑपरेटर, सेफ्टीवाले असे वीसेक जण जमले होते. बटण दाबलं, पंप गती घेत गेला आणि एका लयीत स्थिर झाला. मी मीटर लावला, आकडा मोठ्यानं सांगितला. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे काकांकडे बघत होते, वर्षानुवर्षांच्या सवयीनं.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "याला विचारा."

लोक हळूहळू पांगले. आम्ही दोघंच राहिलो. काकांनी पंपाच्या अंगावर तळवा ठेवला, थोडा वेळ ठेवला, मग माझ्याजवळ आले आणि माझ्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आकडा नको. कसा वाजतोय ते सांग."

मी आयुष्यात कधी पंप ऐकला नव्हता, नुसता मोजला होता. मी खाली वाकलो, कान जवळ नेला आणि जे ऐकू येईल ते त्यांना ओरडून सांगायला लागलो. खाली एक जाड घुमारा आहे, काका, अखंड. त्याच्यावर पाण्याचा आवाज आहे, मोकळा, कुठं अडखळत नाही. मधूनच एक मऊ टिकटिक येते, पण ती पंपाची नाही, पलीकडच्या व्हॉल्व्हची आहे. शिट्टी नाही. मी नीट ऐकलं, शिट्टी कुठेच नाही.

काकांनी डोळे मिटले होते. मी थांबलो तसे म्हणाले, "अजून सांग."

मी सांगत राहिलो.